आपला ग्रंथ ‘जुना’ कधी झाला?



गेल्या महिन्यात इथे अश्दोदला एका नातेवाइकांकडे मलिदा होता. पोह्या-खोबऱ्याचं ताट मांडून झालं होतं, दोन-चार माणसं यायची होती, म्हणून गप्पा चालल्या होत्या. मुंबईहून आलेले एक मामा म्हणाले, “ख्रिस्ती लोकांचं बायबल म्हणजे काय? आपलाच जुना करार, पुढे थोडं जास्त.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प राहून चहा ओतत होते. रात्री मात्र झोप लागेना.

मामांना दोष कसा देऊ? मी स्वतः चाळीस वर्षं हाच शब्द वापरला. नर्सिंगला असताना हॉस्टेलमध्ये रोज सकाळी प्रार्थना व्हायची. तिथे एक सिस्टर मला प्रेमाने म्हणायच्या, “तुझ्याकडे अर्धं बायबल आहे, बाकीचं अर्धं आम्ही देतो.” मी हसायचे. त्यांच्या मते माझ्या घरात अर्धवट पुस्तक होतं, हे मला तेव्हा कळलंच नाही.

हा शब्द आपल्याकडे आला तो मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि त्यांच्या मराठी बायबलमधून. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, आपले पूर्वज त्या शाळांत हिब्रू शिकले. धर्म बदलला तो अगदी मोजक्यांनी. पण पुस्तकाबरोबर पुस्तकाचं नावही आलं, आणि ते आपण न तपासता घेतलं.

आता ते नाव तपासा. ‘नवा करार’ हे शब्द मुळात यिर्मयाचे, अध्याय ३१. तिथे देव हा करार कोणाशी करणार आहे? इस्राएलच्या घराण्याशी आणि यहूदाच्या घराण्याशी. आणि त्यात काय होणार? तोरा लोकांच्या हृदयावर लिहिली जाणार. तोरा संपली, आता दुसरं पुस्तक उघडा, असं तिथे नाही. ख्रिस्ती लोक हा अध्याय येशूकडे बोट दाखवणारा म्हणून वाचतात. वाचोत, तो त्यांचा विश्वास आहे. पण तो विश्वास नसलेल्या आपण आपल्याच ग्रंथाला ‘जुना’ म्हणतो, तेव्हा त्यांच्या बाजूने आपण आधीच सही करून ठेवतो.

दुसरं उदाहरण यशया ७:१४. नाताळ आला की व्हॉट्सॲपवर कोणी ना कोणी पाठवतंच. मराठी बायबलात ‘कुमारी’ आहे. हिब्रूत शब्द आहे ‘अल्मा’, म्हणजे तरुण स्त्री. कुमारीसाठी ‘बेतुला’ हा वेगळा शब्द हिब्रूत आहे, आणि यशयाने तो इथे वापरलेला नाही. ग्रीक अनुवादात कुमारी असा अर्थ देणारा शब्द आला, मत्तयने तो घेतला. तो ग्रीक अनुवाद यहुद्यांनीच केलेला, हेही सांगायला हवं. पण केसपेपरवर ‘तरुण स्त्री’च्या जागी मी ‘कुमारी’ लिहिलं असतं, तर वॉर्ड सिस्टरने सर्वांसमोर झापलं असतं! अमेरिकेत १९५२ साली नव्या इंग्रजी बायबलात इथे ‘तरुण स्त्री’ छापलं, तेव्हा एका पाद्र्याने ते पान जाळलं. एका शब्दावर केवढं उभं आहे ते बघा.

आणि शब्द बाजूला ठेवला तरी गोष्ट वाचा. अराम आणि उत्तरेचं इस्राएल, दोघांचे राजे मिळून यरुशलेमवर चालून आलेत. यहूदाचा राजा आहाज घाबरलाय. यशया त्याला सांगतो, हे मूल बरंवाईट ओळखू लागण्याआधीच त्या दोन राजांचा देश ओसाड पडेल. सातशे वर्षांनी जन्मणाऱ्या मुलाने आहाजला काय धीर येणार?

यशया ५३ बद्दलही ऐकलं असेल, ‘यहुदी हा अध्याय लपवतात’ म्हणून. कुठे लपवतात? प्रत्येक तनाखमध्ये छापलेला आहे. हफ्तारामध्ये येत नाही हे खरं, पण नेवीईमचा बराच मोठा भाग हफ्तारामध्ये येत नाही. त्यातला दुःख सोसणारा सेवक कोण, हे राशी सांगतो: इस्राएल. यशया ४९:३ मध्ये तर तसं नावच घेतलंय.

मामांना मला खरं दाखवायचं होतं ते पुस्तकांच्या क्रमाबद्दल. त्यांच्या बायबलात जुना करार मलाखीवर संपतो. मलाखीच्या शेवटी काय आहे? एलियाहू येणार. पान उलटलं की मत्तय, आणि थोडं पुढे गेलं की येशू म्हणतो, बाप्तिस्मा करणारा योहान हाच तो एलिया. आला आणि गेलासुद्धा!

मग आपण मलिदा कशासाठी करतो? अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नावीच्या रथाची खूण दाखवतात, तिथे आपले लोक नवस फेडायला का जातात? ज्याची आपण अजून वाट पाहतो, तो त्या बांधणीत येऊन गेलेला आहे. “पुढे थोडं जास्त” नाही हे, मामा.

आपल्या तनाखमध्ये मलाखी नेवीईमच्या शेवटी आहे, पुढे केतुवीम, आणि अगदी शेवटी दिव्रे हयामीम. तिथे पर्शियाचा राजा कोरेश बंदिवासातल्या लोकांना यरुशलेमला परतायची मोकळीक देतो. शेवटचा शब्द आहे ‘व्यायाल’, त्याने वर जावं. अलिया हा शब्द त्याच धातूचा. आईबाबा मला घेऊन विमानात बसले तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या पेटीतल्या मराठी बायबलात तो शब्द मध्येच कुठेतरी होता, पुढे एज्रा सुरू.

कोणाशी भांडायचं नाही मला. माझ्या शेवटच्या नोकरीत, बेत आवोतमध्ये, एका आजींची फिलिपिनो मेटापेलेत रोज रात्री त्यांना तेहिलीम वाचून दाखवायची. ती येशूला आठवून वाचत असेल, आजी दावीदला. आजी शांत झोपायच्या. मी त्यांना कधी थांबवलं नाही.

पण आपल्या घरात, आपल्या मुलांपुढे, ‘तनाख’ म्हणा. पुढच्या मलिद्याला वाचन माझ्याकडे आहे. मी हिब्रू तनाख आणणार आहे, अर्थ मराठीत सांगेन. मामांना वाद घालायचा असेल, तर ताट रिकामं झाल्यावर.