भुताला नियम, फौजीला सूट

कोलकात्याला पोस्टिंग आल्यापासून एक गोष्ट वारंवार कानावर पडते आहे. भयपट बघून आलेला माणूस वकिलासारखा बोलतो आणि ॲक्शनपट बघून आलेला तोच माणूस भाविकासारखा बोलतो. भुताकडून त्याला हिशेब हवा असतो, बंदूकवाल्याकडून फक्त दर्शन. माझं भांडण या दुटप्पीपणाशी आहे.

सिनेमाबद्दल बोलायला हे शहर उत्तम. १९४७ साली सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी इथे कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. १९८५ मध्ये 'नंदन' उभं राहिलं, १९९५ पासून इथे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. पण मी बोलतोय ते महोत्सवाचा पास गळ्यात घालून फिरणाऱ्यांबद्दल नाही. शुक्रवारी तिकीट काढणारा, मोबाइलवर अर्धा सिनेमा आज आणि अर्धा उद्या बघणारा जो साधा प्रेक्षक आहे, त्याच्याबद्दल. समीक्षक त्याला अडाणी समजतात. मी समजत नाही. तो किती बारकाईने बघू शकतो हे मला ठाऊक आहे, म्हणूनच राग येतो.

'तुंबाड' घ्या. राही अनिल बर्वेचा हा सिनेमा ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. त्यानंतर आमच्या ऑफिसातल्या पोरांनी त्यावर जो खल केला, तो एखाद्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीला शोभला असता. हस्तरला भूक पिठाची, मग पिठाच्या रिंगणाला तो का घाबरतो? बाहुली एक नेली तर हस्तर एक, अनेक नेल्या तर अनेक, हे आधी सांगितलेल्या नियमात बसतं का? विनायकाने इतकी वर्षं एकेक मूठ मोहरा आणल्या, तेव्हा हा विचार त्याने का केला नाही? एकेक मुद्दा सुटेपर्यंत चहा गार झाला.

'मुंज्या'चं तसंच. आदित्य सरपोतदारचा सिनेमा, जून २०२४ चा. कोकणातल्या माणसाने बघितला की पहिला प्रश्न ठरलेला: सोडमुंज व्हायच्या आत मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, हे नीट दाखवलंय का? माझ्या नात्यातल्या एका आजींनी सिनेमाला पास केलं ते त्यातल्या झाडावरून.

बंगाल्यांचं तर विचारूच नका. यांच्या भुतांना आपल्या भुतांपेक्षा कडक शिस्त आहे. ब्रह्मदैत्य बेलाच्या झाडावर राहणार. शाकचुन्नीच्या हातात शंखाच्या बांगड्या असणार, कारण ती सवाष्ण मेलेली. मेछो भूत मासे मागणार. निशी रात्री ओळखीच्या आवाजात नाव घेऊन हाक मारणार, पण दोनदाच, म्हणून तिसरी हाक ऐकल्याशिवाय ओ द्यायची नाही. २०१२ सालच्या 'भूतेर भविष्यत'मध्ये जुन्या हवेलीत राहायला येणाऱ्या भुतांच्या चक्क मुलाखती घेतल्या जातात. सिनेमाने यातला एखादा नियम मोडला तर इथला टॅक्सीवालाही दिग्दर्शकाची कानउघाडणी करतो.

हाच प्रेक्षक पुढच्या आठवड्यात ॲक्शनपटाला जातो आणि बाहेर येऊन म्हणतो, "डोकं घरी ठेवून बघायचा, एकदम पैसा वसूल."

डोकं घरी का? भुतासाठी आणलं होतंत ना?

ज्यांनी हत्यार कधी हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडा हिशेब देतो. यात गुप्त काही नाही. एके-४७ च्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या मावतात. फायरिंगचा वेग मिनिटाला साधारण ६००. म्हणजे घोडा दाबून धरला तर तीन सेकंदांत मॅगझिन रिकामं. हिरो मात्र अख्खं गाणं संपेपर्यंत गोळ्या झाडतो. बंद खोलीत रायफल चालली की कानांत शिट्ट्या वाजायला लागतात आणि काही काळ शेजारच्याचं बोलणं कळत नाही. हिरो त्याच खोलीत लगेच हिरॉइनच्या कानात कुजबुजतो. ग्रेनेड फुटला की आगीचा डोंब उसळत नाही. धूर, धूळ आणि तुकडे. माणूस मरतो तो तुकड्यांनी. आणि खांद्याला लागलेली गोळी! सिनेमात ती रुमाल बांधला की बरी होते. खांद्याजवळून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसांचा जुडगा जातो. तिथे गोळी लागलेला माणूस रक्त जाऊन मरू शकतो, वाचला तरी हात कायमचा जाऊ शकतो. त्याला उचलायला चार माणसं लागतात, डोंगरात त्याहून जास्त. म्हणजे एक जखमी झाला की पाच रायफली थंड होतात. कमांडरच्या पोटात गोळा येतो तो या हिशेबाने.

यावर ठरलेलं उत्तर येतं: साहेब, मनोरंजन आहे, दमून आलेला माणूस घटकाभर टाइमपास करतो. मान्य. माझा विरोध टाइमपासला नाही. एनडीएत असताना आम्हीही सिनेमे बघून शिट्ट्या मारल्या आहेत. पण टाइमपास म्हणून बघितलेली गोष्ट टाइमपास म्हणूनच ठेवा ना. 'मुंज्या' बघून कोणी पिंपळ तोडायला निघत नाही. ॲक्शनपट बघून मात्र लोक युद्धावर मत देतात. सीमेवर काही घडलं की दुसऱ्या दिवशी तोच डोकं घरी ठेवणारा प्रेक्षक मला विचारतो, "अहो, एकदा घुसून संपवून का टाकत नाही?" हा प्रश्न त्याला कुठून सुचला? वर्तमानपत्रातून नक्कीच नाही.

दुसरं उत्तर आमच्याच बिरादरीतून येतं: या सिनेमांमुळे फौजेला मान मिळतो. कोणाला मिळतो, ते नीट बघा. 'बॉर्डर' १९९७ चा. त्यात सुनील शेट्टीने रंगवलेला सीमा सुरक्षा दलाचा भैरोंसिंह लढता लढता मरतो. खरे भैरोंसिंह राठोड लोंगेवालातून जिवंत परत आले. सिनेमा लागल्यावर पंचवीस वर्षं राजस्थानात जगले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वारले. पंचवीस वर्षं देश पडद्यावरच्या भैरोंसिंहांसाठी रडत होता, आणि खरा माणूस पेन्शनर म्हणून गावात बसला होता. मान पडद्यावरच्या मरणाला मिळाला. जिवंत परतलेल्याला तो द्यायचा कसा, हे प्रेक्षकाला कोणी शिकवलंच नाही.

आता बंगालमधलंच उदाहरण. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'पिप्पा' आला. गरीबपूरची लढाई, २१ नोव्हेंबर १९७१, इथल्या उत्तर चोवीस परगण्यातल्या बोयराच्या पलीकडे. ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६ रणगाडे आणि १४ पंजाबचं पायदळ. तो रणगाडा पाण्यावर तरंगतो म्हणून पोरांनी त्याला तुपाच्या रिकाम्या डब्याचं नाव ठेवलं, पिप्पा. या सिनेमावर बंगालमध्ये केवढं वादळ उठलं! कशावरून? त्यात काझी नजरुल यांच्या गाण्याची चाल बदलली होती. घरच्यांनी निषेध केला, गायक-लेखक बोलले, निर्मात्यांना माफी मागावी लागली. या लोकांबद्दल मला आदरच वाटतो. आपल्या कवीच्या एका चालीसाठी ते एवढे जागरूक आहेत. पण त्याच दिवसांत मी ज्यांच्याशी बोललो, त्यांतल्या एकालाही मेजर दलजितसिंग नारग हे नाव सांगता आलं नाही. त्या स्क्वाड्रनचे कमांडर तेच. त्याच लढाईत पडले, मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. गाण्याची चाल तपासता येते, तर लढाईही तपासता येते.

आणि १ डिसेंबर २०२३ चा शुक्रवार आठवा. त्या दिवशी दोन सिनेमे लागले: 'सॅम बहादुर' आणि 'ॲनिमल'. एकात भलीमोठी मशिनगन घेऊन हॉटेलात माणसांचा ढीग पाडणारा नायक. दुसऱ्यात फील्ड मार्शल माणेकशॉ. गल्ला कोणी गोळा केला ते सांगायला नको. 'सॅम बहादुर'बद्दल मी ऐकलेलं मत एकाच शब्दाचं: "स्लो आहे." अहो, स्लो होतं म्हणून तर जिंकलो! एप्रिल १९७१ मध्ये आपण सरकारला आत्ता नको असं सांगितलं, हे माणेकशॉ स्वतः सांगत असत. पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या समुद्र होतात, सैन्य हलवायला वेळ लागणार, उत्तरेच्या खिंडी बर्फाने बंद झालेल्या बऱ्या. मग पुढचे महिने रस्ते, पूल, दारूगोळा, औषधं, रेशन. मी जिथे नोकरी करतो त्या फोर्ट विल्यममधून, ज्याचं नाव आता विजय दुर्ग झालंय, जनरल अरोरा आणि जनरल जेकब यांनी ही तयारी केली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, ९३ हजार युद्धकैदी हाती आले. त्या विजयातला सर्वांत मोठा पराक्रम काही महिने थांबण्याचा होता. प्रेक्षकाला तो पराक्रम कंटाळवाणा वाटतो. हे मत नुसतं सिनेमाबद्दलचं राहत नाही. पुढच्या वेळी सेनापती 'थांबा' म्हणेल, तेव्हा हाच प्रेक्षक त्याला भित्रा ठरवायला तयार असेल.

मराठी वाचकाला इथे आणखी एक धडा मिळतो. १७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर येत होत्या. आपल्याकडे ती शौर्यकथा. इथे ते 'बर्गी', म्हणजे आपले बारगीर. त्यांच्या भीतीने १७४२ मध्ये कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही, पुढे बुजवून त्याच्या वाटेवर सर्क्युलर रोड काढला. बागबाजारात मराठा डिच लेन आजही आहे, आणि पोराला झोपवायच्या बंगाली अंगाईत बर्गी आजही येतात. आपल्या घरातला ॲक्शनपट इथल्या पाळण्यातला भयपट आहे. सैनिकाने हे विसरून चालत नाही, कारण त्याला लढाई संपल्यावर त्याच गावात गस्त घालायची असते.

मला वाटतं, म्हणूनच आपल्या आज्या भयकथांत जास्त खऱ्या होत्या. भूत म्हणजे काय? कोणाचं तरी अकाली मरण, कोणाचा तरी अन्याय, ज्याचा हिशेब राहिला आहे. भुताच्या गोष्टीत प्रत्येक मरणाची नोंद असते. ॲक्शनपटात पन्नास माणसं मरतात आणि त्यांतला एकही भूत होत नाही. कोणाची बायको दिसत नाही, कोणाचं प्रेत गावी जात नाही. मारणाऱ्यालाही झोप लागते. खऱ्या फौजीला विचारा, किती वर्षं लागते ती.

माझ्या निवृत्त ज्येष्ठांनाही एक विनंती, सर, थोडी कडक आहे. ग्रुपवर उड्या मारणाऱ्या हिरोची क्लिप "जय हिंद" लिहून आपणच पुढे ढकलतो. आपल्याला तर माहीत आहे ना खरं काय असतं? सैनिक भरतीच्या रांगेत उभं राहिलेलं पोर ती क्लिप बघून आलेलं असतं. पहिल्या रात्रीच्या थंडीत, पाठीवरच्या ओझ्याखाली, तासन् तास काहीच न घडणाऱ्या पहाऱ्यावर त्याला वाटतं की आपण काहीतरी कमी आहोत. ते कमी नसतं. त्याला खोटं मोजमाप दिलेलं असतं. आणि तिकडे पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून चालू आहे, खडकीला पाठीचा कणा मोडलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. तिथल्या माणसांवर कोणी क्लिप बनवत नाही. पुणेकर वाचकांनी एखादा रविवार तिथे जाऊन यावं. परवानगी घेऊन, आणि सेल्फी न काढता.

सिनेमे बंद करा असं मी म्हणत नाही. चांगला ॲक्शनपट मलाही आवडतो. 'उरी'मधला रात्रीचा हल्ला बघताना मीही खुर्चीच्या टोकाला होतो. माझी मागणी एवढीच आहे की हस्तरला जे प्रश्न विचारता, ते बंदूकवाल्यालाही विचारा. गोळ्या संपल्या का? जखमीला कोणी उचललं? मेलेले कोण होते? हुकूम कोणी दिला आणि जबाबदारी कोणी घेतली? उत्तरं मिळाली तर खुशाल पाच स्टार द्या. नाही मिळाली, तर "टाइमपास होता" एवढंच म्हणून घरी जा, आणि घरी ठेवलेलं डोकं परत घातल्याशिवाय युद्धावर मत देऊ नका.