नोट पुढे करू नका!

जत्रेत मौत का कुवा आला की आम्ही पोरं आधी तिकडंच पळतो. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर फटफटी गरागरा फिरते, तरी खाली पडत नाही. आमच्या आळीतली माणसं म्हणतात, "त्याच्या दंडात ताईत हाय, म्हणून तो पडत नाय." मला हे पटत नाही.

पाटी भिंतीला टेकवा आणि तळहाताने दाबून धरा. दाब जोराचा असेल तर पाटी जागची हलत नाही. हात सैल केला की घसरलीच! तिला धरून ठेवते ते घर्षण. कुव्यातही तेच. फटफटी सरळ जाऊ पाहते, पण गोल भिंत तिला सारखी आत वळवते. त्यामुळे चाक आणि भिंत एकमेकांवर दाबली जातात. या दाबामुळे घर्षण वाढते आणि तेच सगळे वजन पेलते.

गुरुजींनी हिशेब करून दाखवला. कुव्याच्या मध्यापासून भिंत 5 मीटर आणि घर्षणाचा गुणांक 0.6 धरला, तर ताशी निदान 33 किलोमीटर वेग पाहिजे. स्वार जाडा असो की बारीक, वेग तेवढाच लागतो. वेग निम्मा झाला तर दाब चौथाईच उरतो. फळीवर तेल सांडले तर पकड जाते. तिथे ताईत काय करणार?

आता माझी चूक सांगतो. मागच्या जत्रेत मी कठड्यावरून दहाची नोट पुढे धरली. ती घ्यायला स्वाराने एक हात सोडला, वर बघितले आणि फटफटी हातभर खाली आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मात्र पोटात गोळा आला. त्याचा वेग आणखी थोडा कमी झाला असता तर?

कोणी म्हणेल, "त्याला तेवढेच चार पैसे मिळतात." खरे आहे. त्याचे पोट त्यावरच आहे. म्हणून पैसे देऊच नका असे मी म्हणत नाही. पण ते खेळ संपल्यावरही देता येतात की! दहा रुपयांसाठी आपण त्याला हात सोडायला लावायचा, ही कसली मजा?

तेव्हा मित्रांनो, यंदा नोट खिशातच ठेवा. तो खाली उतरला की त्याच्या हातात द्या. त्याच्या घरीही कोणी वाट बघत असेल. बघा पटते का!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी