गणिताचा विद्यार्थी आणि बँकेचे दप्तर

गणित हा विषय घेऊन बी.एस्सी. होणाऱ्या मुलास किंवा मुलीस आपल्याकडील वडीलधारी मंडळी एक सल्ला हमखास देतात, तो बँकेच्या परीक्षांना बसण्याचा. आणि ज्या घरांना दरमहा ठरलेली रक्कम हाती येण्याचे मोल अनुभवाने कळले आहे, त्या घरांतून हा सल्ला यावा यात गैर काहीच नाही. मला खटकते ते इतकेच, की ज्या पेढीच्या चाकरीत उभी हयात घालवावयाची, तिचे अंतरंग नेमणुकीचा हुकूम हाती पडेपर्यंत या विद्यार्थ्यास कोणी दाखवीत नाही, आणि तीन वर्षे आपण जे शिकलो त्याला तेथे काही स्थान आहे, याची पुसट कल्पनाही त्याला नसते.

भरतीच्या पद्धतीमुळे हे अज्ञान अधिकच दृढ होते. आयबीपीएसच्या लिपिकपदाच्या पूर्वपरीक्षेत अंकगणिताचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवावे लागतात. शेकडेवारी, सरासरी, गुणोत्तर, नफातोटा हा त्यांतील मुख्य ऐवज. वेग आणि अचूकता हे गुण लिपिकाच्या अंगी असलेच पाहिजेत, हेही मान्य. परंतु या वेगाच्या साधनेत अभ्यासिकेतील दोन-तीन वर्षे जातात, आणि तेवढ्या अवधीत संभाव्यता, सारणी, अवकल समीकरणे हे सारे हळूहळू विस्मृतीत जाऊन, निवड झालीच तर बँकेला लाभतो तो जलद बेरीज करणारा मनुष्य. गणिती वाटेतच हरवलेला असतो.

वास्तविक अशा विद्यार्थ्यास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच एखाद्या पतसंस्थेच्या कर्जविभागात महिनाभर बसवून त्याच्यापुढे एक साधे प्रकरण ठेवावे. कर्ज १०,००० रुपये, मुदत १२ महिने, व्याज सरळ १२ टक्के, म्हणजे १,२०० रुपये. एकूण ११,२०० रुपयांचे १२ समान हप्ते, प्रत्येकी सुमारे ९३३ रुपयांचे. आपण १२ टक्के देत आहो अशी कर्जदाराची समजूत असते. परंतु मुद्दल पहिल्या महिन्यापासूनच फिटू लागलेले असताना व्याज मात्र अखेरच्या हप्त्यापर्यंत पुऱ्या १०,००० वर आकारलेले असते. शिल्लक रकमेवर हिशेब केला असता खरा दर किती पडतो, हे काढू गेल्यास जे समीकरण हाती येते, ते त्रैराशिकाने तर नाहीच, पण कोणत्याही सरळ सूत्रानेही सुटत नाही. येथे संख्यात्मक विश्लेषणाच्या तासाला शिकविलेली न्यूटन-राफसन पद्धत उपयोगी पडते: एक अंदाज धरावा, त्यावरून अधिक जवळचा दुसरा काढावा, आणि दोन-तीन आवर्तनांत उत्तर येते दरमहा सुमारे १.७९ टक्के, म्हणजे वर्षाला जवळजवळ साडेएकवीस. ज्या विद्यार्थिनीने हे उत्तर स्वतःच्या हाताने काढले, आणि समोरच्या बाकावर अर्ज घेऊन बसलेल्या बाईंना ते त्यांच्या भाषेत उलगडून सांगितले, तिला गणिताचा उपयोग काय हे पुन्हा कोणी पटवून द्यावे लागणार नाही. शिवाय तेरीज पत्रक जुळेपर्यंत खुर्ची न सोडणाऱ्या जुन्या हिशेबनिसापासून ती जी शिस्त शिकेल, ती कोणत्याही वर्गात मिळण्याजोगी नाही.

मोठ्या बँकांत हेच काम अधिक सूक्ष्म होते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला म्हणजे कर्ज अनुत्पादक ठरते हे सर्वश्रुत आहे. पण ते थकण्यापूर्वीच त्याच्या हानीचा अंदाज बांधावा, या दिशेने बँकव्यवहार वळू लागला असून रिझर्व्ह बँकेनेही जानेवारी २०२३ मध्ये या विषयावर चर्चापत्र प्रसिद्ध केले आहे. कर्ज बुडण्याची संभाव्यता, त्या वेळी येणे असणारी रक्कम आणि तिच्यातील वसूल न होणारा अंश, या तिहींचा गुणाकार म्हणजे अपेक्षित हानी. कर्जदार एका पतश्रेणीतून दुसरीत जाण्याच्या संभाव्यता सारणीत मांडल्या, की सारणीचे घात काढून पुढील वर्षांचे अनुमान करता येते. या कामांना संख्याशास्त्राची आणि संगणकाच्या आज्ञावलीची जोड लागते, बहुधा पदव्युत्तर शिक्षणही लागते. आणि म्हणूनच ती आहेत हे परभणीच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्यास वेळीच, हाताशी वर्षे शिल्लक असताना, कळले पाहिजे.

यासाठी प्रत्येकाने मुंबई गाठण्याचे कारण नाही. कॉसमॉस बँक १९०६ ची, सारस्वत बँक १९१८ ची. सहकारी पतपेढीची परंपरा महाराष्ट्रात तालुक्यापर्यंत पोहोचलेली आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणारे प्रा. वामन गोविंद काळे हे १९३५ साली पुण्यात नोंदविल्या गेलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रच्या संस्थापकांपैकी एक. अध्यापकाची खोली आणि बँकेची कचेरी यांत त्या काळी आजच्याएवढे अंतर नव्हते, याचे मला फार अप्रूप वाटते. नव्या शैक्षणिक धोरणाने कार्यप्रशिक्षणास, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेल्या ‘ओजेटी’स, श्रेयांक देऊन ते अंतर कमी करण्याची संधी दिली आहे. पण पुष्कळ ठिकाणी ती ओळखीच्या दुकानातून शिक्कामोर्तब केलेला दाखला आणण्यापुरतीच उरते, आणि हे पाहून मन खरोखर विषण्ण होते.

खातेदारांची गुप्तता राहणार कशी, असा आक्षेप बँकांकडून येईल, आणि तो रास्तच आहे. परंतु नावे व खातेक्रमांक वगळून जुनी प्रकरणे अभ्यासाला देणे अवघड नाही. विद्यावेतनाचा प्रश्न मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सुट्टीत दुकानात काम करून शुल्क भरणाऱ्या मुलास विनावेतन महिना घालविणे परवडत नाही, आणि ते न दिल्यास ही सोय ज्यांना तिची गरज कमी त्यांनाच मिळेल. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा आहे व त्याअन्वये सरकारी बँका पदवीधरांना विद्यावेतनावर घेतातही. तीच वृत्ती सहकारी बँकांनी पदवीपूर्व विद्यार्थ्यांपुरती, महिनाभरासाठी, दाखवावी. सप्टेंबरअखेरपर्यंत त्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. लाभांशाच्या टक्क्यावर तावातावाने बोलणाऱ्या सभासदांपैकी कोणीतरी, गावच्या महाविद्यालयातील गणिताच्या दोन विद्यार्थ्यांना दरवर्षी कर्जविभागात विद्यावेतनासह घ्यावे, असा ठराव यंदा मांडावा.