चोवीस वर्षांचे ‘आजोबा’

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत सातवीतला एक पठ्ठ्या सांगत होता, “बाई, दादाला आम्ही टीममधून काढलं. म्हातारा झालाय तो!” दादाचं वय विचारलं, तर चोवीस! (मग बाईंना काय म्हणायचं, ते मी विचारलंच नाही.)

गंमत म्हणजे त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. २०१४ साली कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘स्टारक्राफ्ट २’ या ऑनलाइन लढाईच्या खेळातल्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. वयं १६ ते ४४. पडद्यावर काही नवं दिसल्यापासून हात हलेपर्यंत जो वेळ जातो, तो चोविशीपासून हळूहळू वाढताना दिसला. वाढ सेकंदाच्या लहानशा भागाची. पण तेवढ्यात डाव जातो ना!

मग थोरले हरतच असतील? छे! ते साधेसोपे डावपेच आखतात. एका बटणात काम होत असेल, तर उगाच माऊस घेऊन पडदाभर धावत नाहीत.

२०१९ मध्ये न्यूयॉर्कला ‘फोर्टनाइट’ची जागतिक स्पर्धा झाली. एकेरीत शंभर खेळाडू, बरेचसे तुमच्या ताई-दादांच्या वयाचे. पहिला आला सोळा वर्षांचा काइल गियर्सडॉर्फ. बक्षीस तीस लाख डॉलर! आणि दुसरा? हॅरिसन चँग. वय वर्षं चोवीस.

पठ्ठ्या जरा विचारात पडला. “घेऊ परत दादाला. पण बाई, तो मध्येच अभ्यासाचं विचारतो!”

तेवढ्यात घंटा झाली.