विजेवरील वाहने आणि आपला शेजारधर्म

२२ जून २०२२ रोजी वसई पश्चिमेला विजेवर चालणाऱ्या एका मोटारीने रस्त्यावर पेट घेतला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. मात्र केंद्र सरकारने त्या घटनेच्या चौकशीचे आदेश दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसई पूर्वेला एका घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. आजीजवळ निजलेला सात वर्षांचा मुलगा त्यात गंभीर भाजला आणि काही दिवसांनी दगावला. दोन्ही घटना आपल्याच पालघर जिल्ह्यातील आहेत. त्यामुळे हा विषय दूरच्या महानगरांचा आहे, असे समजून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

आपल्या जिल्ह्यातून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा या रस्त्याची चर्चा देशभर झाली. ती मोटार डिझेलवर चालणारी होती. परंतु आता याच रस्त्यावर आणि बोईसर-चिल्हार मार्गावर विजेवरची व हायब्रिड वाहनेही धावत आहेत. उद्या अशा वाहनाला अपघात झाला, तर पोलीस किंवा अग्निशमन दल पोहोचण्यापूर्वी मदतीला धावणारे बहुधा आपणच असू.

अशा वेळी दोन चुका संभवतात. पहिली अज्ञानातून केलेल्या धाडसाची, दुसरी अज्ञानातून आलेल्या भीतीची. 'गाडीला हात लावला तर विजेचा धक्का बसेल' या धास्तीने जखमीला तसेच टाकून जाणे योग्य नाही. या वाहनांतील उच्च दाबाची वीजयंत्रणा गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून अलग ठेवलेली असते आणि जोराची धडक बसताच बहुतेक गाड्यांत बॅटरीचा प्रवाह आपोआप तुटतो. म्हणून जाळ, धूर किंवा उघड्या पडलेल्या तारा नसतील, तर जखमींना धीर देणे व मदत करणे शक्य असते.

परंतु 'आपोआप तुटतो' म्हणजे वीज संपली, असे नव्हे. तारापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांना ठाऊक आहे की मुख्य स्विच बंद केल्यावर पुढची यंत्रणा थांबते. बॅटरीचे तसे नाही. तिच्या आतील ऊर्जा कोणत्याही स्विचने नाहीशी होत नाही. घरातील वीज २३० व्होल्टची असते. मोटारीच्या बॅटरीचा दाब सामान्यतः तीनशे-चारशे व्होल्ट, काही गाड्यांत त्याहूनही अधिक असतो. तो वाहून नेणाऱ्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. त्यांना स्पर्श करू नये, त्या कापू नयेत, पत्रा कापण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. गाडीचा आवाज येत नाही म्हणून ती बंद आहे, असेही मानू नये. ती निःशब्द उभी असूनही पुढे सरकू शकते. चालकाला शक्य असल्यास गाडी बंद करून चावी दूर नेण्यास सांगावे. हायब्रिड गाडीत बॅटरीच्या जोडीला इंधनही असते, हे ध्यानात ठेवावे.

बॅटरीतून धूर, शिट्टीसारखा वा फटफट असा आवाज किंवा उग्र वास येऊ लागला, तर सर्वांना वाऱ्याच्या उलट दिशेला दूर न्यावे, कारण तो धूर विषारी असतो. १०१ किंवा ११२ वर, महामार्गावर असल्यास १०३३ वर कळवावे आणि 'गाडी विजेवरची आहे' हे आवर्जून सांगावे. ही आग विझविण्यास फार पाणी लागते. विझली असे वाटल्यावरही ती काही तासांनी, कधी काही दिवसांनीही, पुन्हा भडकू शकते. म्हणून मोडलेली गाडी घराच्या अंगणात किंवा गॅरेजच्या छपराखाली ठेवू नये. मोकळ्या जागी सुमारे पन्नास फूट अंतर राखावे. ती ओढून न नेता, चाके जमिनीला न टेकवता वाहून न्यावी. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : २०२२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात चक्रीवादळाच्या खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही विद्युत मोटारी नंतर पेटल्या होत्या. उधाणाच्या पाण्यात बुडालेली गाडी चार्ज करण्याचा किंवा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा.

सरकारने डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ पासून बॅटरीच्या सुरक्षेचे नियम दोन टप्प्यांत अधिक कडक केले, ही समाधानाची बाब आहे. पण वसईच्या त्या घरातील दुःख कोणताही नियम भरून काढू शकत नाही. बॅटरी निजण्याच्या खोलीत, बाहेर जाण्याच्या वाटेवर किंवा सर्वजण झोपेत असताना चार्ज करू नये, एवढा बोध तरी आपण घेतलाच पाहिजे.

या वाहनांविरुद्ध आमची तक्रार नाही. 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या जपणुकीचे आवाहन केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी स्वतःसाठी विजेवरील वाहन स्वीकारले. स्वच्छ हवेकडे जाणारा मार्ग आपलाही आहे. मात्र नवे साधन घेताना त्याची जोखीम समजून घेणे ही जबाबदारीच होय.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी जखमी माणसाजवळ थांबला. त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्याने त्या बांधल्या. त्याच्या करुणेला काय करावे याची जाण होती. मदत करणाऱ्याला कायद्याचेही संरक्षण आहे : २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने ते दिले आहे. आपल्या धर्मग्रामांतील युवकांनी अग्निशमन दलातील जाणकारांना एखाद्या रविवारी मिस्सानंतर बोलावून तासभर मार्गदर्शन घ्यावे, अशी आमची विनंती आहे. उद्या रस्त्यावर कुणाचा तरी जीव त्या एका तासावर अवलंबून असू शकेल.