शुल्क माफ, पण निर्वाहाची रक्कम कोठून?

भोरजवळच्या उत्रोलीसारख्या शेतीप्रधान गावात मुलाला परदेशी पाठविण्याचा विषय निघाला, की पहिली विचारणा विद्यापीठाच्या शुल्काची होते. या कसोटीवर जर्मनी सर्वांत स्वस्त ठरते. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षण शुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात.

मात्र शुल्क माफ झाले तरी निर्वाहाचा खर्च टळत नाही. जर्मनीच्या व्हिसासाठी एका वर्षाचे ११,९०४ युरो बहुधा खास गोठवलेल्या खात्यात आधीच भरावे लागतात आणि तेथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात. युरो १०५ रुपये धरला, तर ही रक्कम साडेबारा लाखांच्या घरात जाते. ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेरील निर्वाहासाठी दरमहा १,१७१ पौंडांची अट घातली आहे. नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड होतात; पौंड १२० रुपये धरल्यास हा आकडाही साडेबारा लाखांच्या पुढेच जातो. लंडनमध्ये तो १३,७६१ पौंड आहे. शिवाय ब्रिटनमध्ये शुल्क वेगळे भरावे लागते. लंडनबाहेर दोन्ही देशांची रक्कम सारखी दिसते; पण जर्मनीची रक्कम बारा महिन्यांची आणि ब्रिटनची नऊच महिन्यांची असल्याने दरमहा हिशेबात ब्रिटन अधिक महाग पडते.

खरी अडचण येथूनच सुरू होते. पतहमी योजनेखालील शैक्षणिक कर्ज तारणाविना मिळते ते साडेसात लाखांपर्यंत. त्यापुढे बँका सहसा तारण मागतात, आणि सातबारा पुढे केला की नकार येतो. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या २००२ च्या 'सरफेसी' कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या जमिनीला मिळालेले हे संरक्षण त्याच्याच मुलाच्या कर्जाच्या आड येते, हा विरोधाभास धोरणकर्त्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही. २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजनाही देशातील निवडक संस्थांपुरतीच आहे.

शिष्यवृत्त्या आहेत, पण मोजक्या. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या वाट्याला ४ जागा येतात. तिच्यातील ब्रिटनसाठीचा निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड आहे, म्हणजे ब्रिटनच्याच नऊ महिन्यांच्या हिशेबापेक्षा कमी. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले होते. विद्यार्थ्याला तेथे जगायचेही असते, हे त्या दरबाराने ओळखले होते.

जर्मनीतील हिवाळी सत्राचे वर्ग साधारण ऑक्टोबरात सुरू होतात आणि निर्वाहाची रक्कम त्याआधी, व्हिसाच्या अर्जासोबत दाखवावी लागते. भोर तालुक्यातील भात दिवाळीच्या सुमारास कापणीला येतो.