यकृताची प्रतीक्षायादी आणि ठाण्याचे पत्र

यकृताला डायलिसिससारखा टेकू नाही. सिऱ्होसिस डीकॉम्पेन्सेट झाला, जलोदर पुन्हापुन्हा भरू लागला, एन्सेफॅलोपॅथीचा एखादा झटका येऊन गेला, की औषधे फक्त वेळ काढतात. मेल्ड स्कोअर 15 च्या घरात पोहोचताच रुग्ण प्रत्यारोपण केंद्राला दाखवावा, याबद्दल आता दुमत नाही. तरीही आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातला रुग्ण नागपूर गाठतो तो बहुधा क्रिएटिनिन चढल्यावरच.

वर्धा जिल्ह्यातल्या दारूबंदीला सुमारे अर्धशतक झाले. तिने दारूचा यकृतविकार संपवला नाही. बंदीमुळे रुग्ण पिण्याची कबुली देत नाही, नातेवाईक तर मुळीच नाही, आणि केसपेपरवरची ती ओळ कोरी राहते. कबुली दिलीच, तर ‘सहा महिने सोड, मग बघू’ असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. सहा महिन्यांची ही अट मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात कुठेही नाही. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या गंभीर अल्कोहोलिक हिपॅटायटिसच्या निवडक रुग्णांचे लवकर प्रत्यारोपण केल्यास सहा महिन्यांनी 77 टक्के जगतात, न केल्यास 23 टक्के, हे फ्रान्स-बेल्जियममधील अभ्यासाने 2011 मध्येच दाखवले. दारू सोडवण्याचे उपचार आणि रेफरल एकाच दिवशी सुरू व्हायला हवेत.

पुढचा प्रश्न यकृत आणायचे कुठून, हा. भारतात बहुतेक यकृते जिवंत नातेवाइकांकडून मिळतात. रक्तगट जुळत नसेल किंवा उरणारे यकृत दात्याला पुरणार नसेल, तर बहुधा मेंदूमृत दात्याची वाट पाहावी लागते. थंड द्रावात यकृत साधारण बारा तासांपर्यंत टिकते. आर्वी ते नागपूर हे अंतर त्यापुढे काहीच नाही. घोडे अडते ते कागदावर.

मेंदूमृत्यू प्रमाणित करणाऱ्या फॉर्म 10 वर चार डॉक्टरांच्या सह्या लागतात आणि दोन तपासण्यांत किमान सहा तासांचे अंतर. तालुक्याला न्यूरोलॉजिस्ट नाही, ही नेहमीची सबब. कायद्याच्या 2011 च्या दुरुस्तीने ती निकालात काढली आहे: न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन नसेल तिथे सर्जन किंवा फिजिशियन, आणि भूलतज्ज्ञ किंवा इंटेन्सिव्हिस्ट चालतो, तो प्रत्यारोपण चमूतला नसावा, एवढेच. मात्र त्याचे नाव सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्य यादीत असावे लागते. यादी वेळेवर अद्ययावत ठेवणे हे कार्यालयाचे काम आहे, आणि नाव पाठवणे डॉक्टरांचे. दोन्हीकडे सुस्ती आहे. ॲप्निया चाचणीला धमनीतील रक्तवायूंची तपासणी (एबीजी) लागते. ती सोय नसेल तर रुग्ण व्हेंटिलेटरवरच सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरला हलवावा लागतो. तो निर्णय पहिल्या तासांत व्हावा, रक्तदाब कोसळल्यावर नव्हे.

खरा संताप पुढच्या टप्प्यावर येतो. मेंदूमृतांपैकी अनेक जण रस्ते अपघातातले, म्हणजे मेडिको-लीगल. अपघात आर्वी हद्दीत, रुग्णालय दुसऱ्या शहरात. मग अपघाताच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचे ना-हरकत पत्र येईपर्यंत थांबा, असे सांगितले जाते. नातेवाइकांनी संमतीच्या फॉर्म 8 वर सही केलेली असते आणि दाता व्हेंटिलेटरवर हातचा जात असतो. या कायद्याखालच्या 2014 च्या नियमांत असे परवानगीपत्र सांगितलेलेच नाही. रुग्णालयाने त्या भागातल्या ठाणेदाराला किंवा पोलीस अधीक्षकाला अवयव वेळेत काढता यावेत म्हणून विनंती करायची, तिची प्रत शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला द्यायची, आणि मृत्यूचे कारण ठरवण्यात बाधा येणार नाही, हे पाहायचे. शवविच्छेदन कार्यालयीन वेळेबाहेरही प्राधान्याने करावे, असेही तिथे लिहिले आहे. घातपाताचा संशय नसलेल्या प्रकरणांत अवयवदानासाठी सूर्यास्तानंतरचे शवविच्छेदन केंद्राने नोव्हेंबर 2021 पासून मोकळे केले. नियम हाताशी असताना रात्र पत्राची वाट पाहण्यात घालवणे अक्षम्य आहे.

पोलीस अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी हे नियम प्रत्येक ठाण्यात व शवविच्छेदन केंद्रात लेखी पोहोचवावेत. ज्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह आहे, त्याने एनटीओआरसी (प्रत्यारोपण न करणारे, फक्त अवयव काढणारे केंद्र) म्हणून नोंदणीचा अर्ज याच महिन्यात करावा. फिजिशियन, सर्जन आणि भूलतज्ज्ञांनी आपली नावे यादीसाठी पाठवावीत. आणि ब्रेनस्टेम रिफ्लेक्स गेल्याचे दिसताच नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या (झेडटीसीसी) समन्वयकाला फोन करावा.